पोथी उतरवणाऱ्यांचा नवा करार

साशंक : नव्या कराराच्या ग्रीक पोथ्यांत पाच लाखांच्या आसपास पाठभेद आहेत, असा अंदाज हल्ली सांगितला जातो. आकडा कानावर पडला की लोकांच्या मनात एक चित्र तयार होतं : चर्चच्या मर्जीतला कुणी लेखनिक येशूच्या तोंडी हवे ते शब्द घालतोय आणि नको ते खरवडून काढतोय. माझी हरकत या चित्राला आहे. १७०७ साली जॉन मिल यांनी शंभरेक पोथ्या ताडून तीस हजार पाठभेद छापले, तेव्हाही असाच गहजब झाला होता. पाठभेद इतके दिसतात, कारण पोथ्या इतक्या उरल्या आहेत. नुसत्या ग्रीकमधल्या पाच हजारांवर. एकच पोथी टिकली असती तर एकही पाठभेद नसता, आणि ती किती बिघडली आहे हे कळायला मार्गही उरला नसता.

शिवाय या पाच लाखांतले बहुतेक भेद थकलेल्या डोळ्यांचे आहेत. त्या काळची ग्रीक पोथी कशी असे? सगळी अक्षरं मोठी, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नसल्यासारखीच, रकाने अरुंद. उतरवणाऱ्याची नजर मूळ पोथीवरून आपल्या बोरूकडे येते आणि परत पोथीकडे जाते. परत जाताना ती सुटल्या जागीच पोचेल याची खात्री नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो. यांना जगातून काढून घे असं मी मागत नाही, दुष्टापासून यांना राख असं मागतो, असा तिथला आशय आहे. ग्रीकमध्ये 'जग' आणि 'दुष्ट' या दोन्ही शब्दांच्या आधी तेच तीन शब्द त्याच क्रमाने येतात. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकॅनस पोथीच्या लेखनिकाची नजर पहिल्या तिघांवरून उडाली ती दुसऱ्या तिघांवर बसली. मधला मजकूर गळला आणि वाक्य झालं : यांना दुष्टापासून काढून घे असं मी मागत नाही. या माणसाला सैतानाची बाजू घ्यायची होती असं कुणी म्हणेल का? अर्थ उलटापालटा झाला, पण हेतू कुठेच नव्हता. लेखनिकांनी पवित्र शास्त्र घडवलं असं म्हणणाऱ्यांनी आधी ही ओळ समजून घ्यावी.

रसिक : ती ओळ मलाही मान्य आहे आणि तशा हजारो ओळी मान्य आहेत. पण तुम्ही हात बघता, हात कोणाचा ते बघत नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने 'मेंढपाळ' म्हणून ओळखलं जाणारं पुस्तक लिहिलं. त्यात त्याला दृष्टान्तात एक छोटी पुस्तिका मिळते. ती तो अक्षर अक्षर करून उतरवून घेतो, कारण त्यातले शब्दावयवच त्याला लावता येत नाहीत. मग त्याला सांगितलं जातं की दोन प्रती कर : एक क्लेमेंटला दे, तो बाहेरगावी पाठवील, एक ग्राप्ते या बाईला दे, ती विधवांना आणि पोरक्या मुलांना शिकवील. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती पुस्तकं कशी पसरली याचं इतकं जवळून दिसणारं दुसरं चित्र मला माहीत नाही. मठ नाहीत, लेखनशाळा नाहीत. एकाकडे पोथी आहे, दुसऱ्याला हवी आहे, तिसऱ्याला लिहिता येतं. किम हेन्स-आयट्झेन यांनी २००० साली या लेखनिकांवर पुस्तक लिहिलं, त्यांचाही भर याच गोष्टीवर आहे : उतरवणारे आणि वाचणारे त्या काळी बऱ्याचदा तेच लोक होते.

बाजारात पैसे घेऊन लिहून देणारे होतेच. डायोक्लेशियन बादशहाच्या ३०१ सालच्या दरपत्रकात उत्तम अक्षराच्या शंभर ओळींना पंचवीस दिनार आणि त्याहून हलक्या अक्षराला वीस, असा भाव ठरवून दिलेला आहे. ओळींवर पैसे मिळवणाऱ्याला मजकुराशी देणंघेणं नसेल. पण ज्याला ही पोथी रविवारी आपल्याच मंडळीत वाचायची आहे, जो ती वाचून प्रार्थना करणार आहे, तो उतरवताना नुसती अक्षरं बघत नाही. तो वाचत असतो. आणि वाचणाऱ्याच्या मनात अर्थ आधी येतो, अक्षर मागून.

इ. सी. कोलवेल यांनी १९६५ साली तीन जुन्या पपायरस पोथ्यांतल्या फक्त त्या त्या पोथीतच सापडणाऱ्या चुका वेगळ्या काढल्या. अशा चुका बहुधा त्या लेखनिकाच्या स्वतःच्या असणार, आधीच्या प्रतीतून आलेल्या नसणार. त्यातून तीन माणसं दिसू लागली. पी ७५ चा लेखनिक अक्षर अक्षर उतरवतो. पी ६६ चा लेखनिक शब्दावयव उचलतो, चुकतो, पुन्हा येऊन दुरुस्त करतो. एकट्या योहानाच्या त्या पोथीत साडेचारशेच्या आसपास दुरुस्त्या आहेत. पी ४५ चा लेखनिक वाक्यातला आशय उचलतो आणि तो थोडक्यात मांडतो, अनावश्यक वाटणारे शब्द गाळून. हा तिसरा माणूस प्रामाणिक आहे, थकलेला नाही, कुणाच्या मर्जीतलाही नाही. तरीही त्याने बदललेला मजकूर हा त्याच्या समजुतीचा मजकूर आहे.

साशंक : कोलवेल यांना तुम्ही आणलंत, तर त्यांचं पूर्ण ऐका. अक्षर अक्षर उतरवणारा तो पी ७५ चा लेखनिक आणि व्हॅटिकॅनसचा लेखनिक यांचा पाठ लूक आणि योहान या दोन्ही शुभवर्तमानांत विलक्षण जुळतो. पी ७५ तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची मानली तर शंभराहून जास्त वर्षं एक पाठ जवळजवळ जसाच्या तसा हातोहात चालत आला. घडवणारे लेखनिक असते तर हे झालं असतं का?

रसिक : त्या तारखेवर भार टाकू नका. ब्रेंट नोंग्ब्री यांनी २०१६ साली दाखवलं की पी ७५ चं अक्षर आणि बांधणी चौथ्या शतकातही बसू शकते. मग दोन पोथ्या समकालीन ठरतील आणि शंभर वर्षांच्या काळजीचा पुरावा एका लेखनशाळेच्या काळजीवर येईल.

साशंक : ठीक, तारीख बाजूला ठेवू. जेम्स रॉइस यांनी २००८ साली सहा मोठ्या जुन्या पपायरसांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या पाठचिकित्सेत एक नियम होता, ग्रीसबाख यांच्या नावाने ओळखला जाणारा : दोन पाठांपैकी आखूड तो जुना मानावा, कारण लेखनिक भर घालतात. रॉइस यांना उलट दिसलं. हे लेखनिक घालतात कमी आणि गाळतात जास्त. तुम्ही ज्याला सहलेखक म्हणू पाहता तो प्रत्यक्षात शब्द सांडत जाणारा माणूस आहे.

आणि हेतूचं म्हणाल तर तो ओळखायचा कसा? बार्ट अर्मन यांनी १९९३ च्या पुस्तकात नेहमीची उदाहरणं दिली आहेत, त्यातलंच एक घ्या. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूबद्दल बोललेलं ऐकून त्याचे 'वडील' आणि आई आश्चर्य करतात. पुष्कळ पोथ्यांत 'वडील' जाऊन 'योसेफ' आला. कुमारिकेच्या पोटी जन्मलेल्याला माणूस बाप नको, म्हणून बदल केला असं म्हणतात. पण त्याच पोथ्यांत पंधरा ओळी खाली मरिया मुलाला म्हणते की तुझे वडील आणि मी तुला शोधत होतो, आणि तिथे सहसा कुणी हात लावलेला नाही. सिद्धान्त राखायला बसलेला माणूस एक दार लावून दुसरं उघडं ठेवील?

रसिक : ठेवील, कारण ती दोन वेगळी दारं आहेत. वर लूक स्वतः बोलतोय, खाली मरिया बोलतेय. निवेदक जेव्हा योसेफाला बाप म्हणतो तेव्हा ते विधान होतं. आई मुलाशी बोलताना घरातला शब्द वापरते, त्याला विधान कोण म्हणेल? मला तर यात फार बारीक वाचन दिसतं.

साशंक : फार बारीक दिसतंय, कारण तुम्ही ते तिथे घालताय. त्या दोन ओळींच्या मधे, एकेचाळिसाव्या ओळीत, निवेदक स्वतःच 'त्याचे आईबाप' दरवर्षी यरुशलेमेला जात असं सांगतो. तेही बहुतेक पोथ्यांत तसंच राहिलं आहे. आता?

रसिक : आता मी मागे सरकतो. एका माणसाने ठरवून सगळीकडे केलेला बदल म्हणून हे उदाहरण टिकत नाही. एखाद्याच्या हाताला त्या क्षणी ते टोचलं, त्याने तेवढंच बदललं, आणि त्याची प्रत पुढे चालली, इतकंच मी म्हणू शकतो. पण टोचलं होतं हे तुम्हाला नाकारता येणार नाही. डोळा घसरून 'वडील' चा 'योसेफ' होत नाही.

साशंक : नाही होत. तेवढं मान्य.

रसिक : मग पुढे चला. प्रेषितांच्या कृत्यांत थेस्सलनीकाला पौलाचं ऐकून पुष्कळ 'प्रमुख स्त्रिया' विश्वास ठेवतात. बेझा नावाच्या पोथीत त्या 'प्रमुखांच्या बायका' झाल्या. कलस्सैकरांच्या पत्रात पौल निंफा आणि 'तिच्या' घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. व्हॅटिकॅनसमध्ये 'तिच्या' आहे, सिनाइटिकस या दुसऱ्या जुन्या पोथीत 'त्यांच्या' आहे आणि पुढच्या असंख्य पोथ्यांत 'त्याच्या'. निंफाचं घर तिच्याकडून काढून घेतलं गेलं. हे एकदा झालं असतं तर मी चूक म्हटलं असतं.

साशंक : दुसरं उदाहरण मी अजूनही चूकच म्हणीन. त्या वाक्यातलं नाव स्वराघाताच्या खुणांशिवाय पुरुषाचंही असू शकतं आणि बाईचंही. लेखनिकाला पुरुष वाटला, त्याने सर्वनाम जुळवून घेतलं. पहिलं उदाहरण तुमच्या बाजूने आहे, कारण बेझा पोथीत अशा गोष्टी एकीजवळ एक सापडतात. आणि तिथली प्रेषितांची कृत्ये इतर पोथ्यांहून बरीच लांब आहेत. तिथे कुणीतरी विचार करून लिहिलं आहे हे मी कधीच नाकारलं नव्हतं. मी एवढंच म्हणतो की बेझा ही एक पोथी आहे, लेखनिकांची जात नव्हे.

तुमच्याकडून पुढे येईल ते उदाहरण मीच देतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी, देहात प्रकट झाला तो कोण? जुन्या पाठात 'जो' आहे, नंतरच्या पोथ्यांत 'देव'. ग्रीकमध्ये 'जो' म्हणजे दोन अक्षरं, ओमिक्रॉन आणि सिग्मा. 'देव' हा शब्द पवित्र म्हणून आखूड करून लिहीत, तोही दोनच अक्षरांत, थीटा आणि सिग्मा, वर एक आडवी रेघ. म्हणजे गोल अक्षराच्या पोटात एक काडी आणि डोक्यावर एक रेघ, एवढाच फरक. लंडनला अलेक्झांड्रिनस पोथीत 'देव' दिसत होता. योहान व्हेटस्टाइन या तरुणाने १७१५ साली ते पान नीट पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पोटातली काडी या बाजूची नाहीच. चामड्याच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या अक्षराची शाई आरपार उमटली आहे. ज्या ओळीवर ख्रिस्ताच्या देवत्वाचे वाद झाले तिथे, निदान त्या एका पोथीत, काडी कातड्याने घातली होती.

रसिक : आणि डोक्यावरची रेघ? तीही व्हेटस्टाइन यांनीच पाहिली. ती वेगळ्या शाईची, नंतरच्या हाताची होती. काडी कातड्याने घातली आणि ती पाहून कुणीतरी रेघ ओढली. अपघाताने एक शक्यता समोर आली आणि वाचणाऱ्याने ती पक्की केली. हात आणि मन असे दोन कप्पे तुम्ही करता, पण या पानावर ते वेगळे काढून दाखवा.

ओरिगेनने तिसऱ्या शतकात हीच तक्रार केली. मत्तयावरच्या भाष्यात तो म्हणतो की प्रतींमध्ये फार फरक पडले आहेत; काही लेखनिकांच्या हलगर्जीमुळे, काही बेधडकपणामुळे, आणि काही दुरुस्ती करणाऱ्यांमुळे, जे आपल्या मताने घालतात किंवा काढतात. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दुरुस्त करणारा स्वतःला बिघडवणारा समजत नाही. आधीच्या माणसाने बिघडवलेलं मी सुधारतोय असं त्याला मनापासून वाटतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता. पाठांतरात आणि प्रतींत शिरलेलं काढायचं म्हणजे काय ज्ञानदेवांचं आणि काय मागाहूनचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. ते काम झाल्यावर त्यांनी पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घालू नका. प्रकटीकरणाच्या शेवटीही तसाच इशारा आहे. जिथे कुणी भर घालत नाही तिथे कुणी असे इशारे लिहीत नाही.

साशंक : इशारे मजकूर वाचवतात की नाही याचा पुरावा व्हॅटिकॅनसच्या समासात आहे. इब्री लोकांस पत्राच्या सुरुवातीला, पुत्र आपल्या सामर्थ्याच्या शब्दाने सर्व काही 'धारण करतो' असा पाठ सगळीकडे आहे. व्हॅटिकॅनसच्या मूळ लेखनिकाने 'प्रकट करतो' असं लिहिलं. कुणीतरी ते दुरुस्त केलं. मग कित्येक शतकांनी आलेल्या तिसऱ्याने पुन्हा 'प्रकट करतो' आणलं आणि समासात दुरुस्त करणाऱ्याला मूर्ख आणि दुष्ट ठरवून खडसावलं की जुना पाठ राहू दे, बदलू नकोस. वाचताना या तिसऱ्या माणसाबद्दल माया वाटते. पण आज जवळजवळ सगळे अभ्यासक मानतात की त्याने जीव तोडून जपलेला जुना पाठ ही मूळ लेखनिकाची चूक होती, आणि ज्याला त्याने शिव्या दिल्या तोच बरोबर होता. जुन्याची निष्ठा आणि मुळाची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला मूळ हवं आहे. पौलाने, लूकने काय लिहिलं ते हवं आहे. लेखनिकांना समजून घेतलं पाहिजे, पण ते एवढ्याचसाठी की त्यांची पुटं एकेक करून काढता यावीत.

रसिक : मग एकदा काढून दाखवा. लूकच्या तेविसाव्या अध्यायातली चौतिसावी ओळ घ्या. खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा कर, त्यांना कळत नाही ते काय करतायत, अशी येशूची प्रार्थना. गुड फ्रायडेला मराठी चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, त्यात पहिला उद्गार हाच. जे कधी चर्चमध्ये गेले नाहीत त्यांनाही ही ओळ माहीत असते.

साशंक : त्या ओळीपाशी मीही बराच अडकलो आहे. पी ७५ मध्ये ती नाही. व्हॅटिकॅनसमध्ये नाही. बेझामध्ये मूळ हाताने ती लिहिली नव्हती, नंतर कुणीतरी घातली. जुन्या सिरियाक भाषांतराच्या सिनाईच्या पोथीत नाही. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणच्या जुन्या साक्षी एकमुखाने गप्प असतील तर माझा नियम सांगतो की ओळ मागाहूनची. पण दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात गॉलमध्ये बसलेल्या इरेनियसला ही प्रार्थना माहीत आहे. म्हणजे घातली असेल तर फार लवकर घातली. आणि मग सिनाइटिकसचं पान येतं.

ते पान आता कुणालाही पाहता येतं. लंडन, लाइप्झिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई अशा चार ठिकाणी विखुरलेली पोथी २००९ पासून डिजिटल रूपात एकत्र आहे. पानावर चार रकाने, तपकिरी शाई, एकसारखी अक्षरं. पहिल्या लेखनिकाने ही प्रार्थना मजकुरात सरळ लिहिली आहे, शंकेची खूण नाही. त्याच्यामागून तपासणारा आला. त्याच्याकडे दुसरी पोथी असावी, किंवा त्याचं स्वतःचं मत असावं. त्याने प्रार्थनेभोवती वगळण्याच्या खुणा घातल्या. अक्षरं खरवडली नाहीत. वाचणाऱ्याने हे सोडून पुढे जावं एवढंच सांगितलं. पुढच्या काळात आणखी एक तपासणारा आला आणि त्याने त्या खुणा पुसल्या. प्रार्थना परत मजकुरात आली. तीन माणसं, एकच चामडं, दोन निकाल, आणि कुणीही कारण लिहिलेलं नाही.

रसिक : कारण मी सांगू शकतो. सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. ख्रिस्ती लोक म्हणू लागले की ही येशूला मारल्याची शिक्षा. दुसऱ्या शतकात सार्दीसचा मेलितो आपल्या वल्हांडणाच्या प्रवचनात इस्राएलवर देवाला मारल्याचा आरोप करतो. अशा हवेत वाढलेल्या माणसाला ही प्रार्थना कशी पचावी? येशूने क्षमा मागितली असेल तर शहर का जळलं? पुत्राची प्रार्थना पित्याने ऐकली नाही म्हणायचं का? ज्याला ज्यूंना क्षमा होऊ नये असं वाटत होतं त्याने ती गाळली. मला ही ओळ मूळची वाटते, आणि गाळण्यामागचा द्वेषही दिसतो. लेखनिकांच्या इतिहासातली ही काळी जागा आहे, ती झाकू नये.

साशंक : आता तीच ओळ कुणी घातली असं समजा, कारण त्याचंही तितकंच सहज सापडतं. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाला दगडांनी मारतात आणि तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. येशूचा भाऊ याकोब मरताना अशीच प्रार्थना करतो, असं हेगेसिप्पसने लिहिलेलं युसेबियसने जपून ठेवलं आहे. शिष्यांनी क्षमा केली आणि गुरूने केली नाही, असं कसं? एखाद्या भाविक हाताने ती उणीव भरून काढली. किंवा ही प्रार्थना तोंडी परंपरेतून खरोखरच चालत आली होती आणि कुणीतरी तिला जागा दिली.

रसिक : पण 'त्यांना कळत नाही' हा विचार लूकचा आहे. कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र यरुशलेमकरांना सांगतो की तुम्ही अज्ञानाने हे केलंत. घालणाऱ्याला लूकची इतकी नस सापडली?

साशंक : लूक रोज वाचणाऱ्याला सापडेल. तुम्हीच मघाशी म्हणालात की ते नुसते उतरवणारे नव्हते, वाचणारे होते. आणि इथेच मला तुमच्या पद्धतीचं खरं दुखणं दिसतं. ओळ गाळली म्हणालात तर हेतू तयार आहे. ओळ घातली म्हणालो तर दुसरा हेतू तयार आहे. दोन्ही त्या काळात खरोखर जिवंत होते, दोन्हींचे पुरावे आहेत. ज्या कारणाने दोन्ही उलटे निकाल सारखेच समजावता येतात, ते कारण निकाल देऊ शकत नाही. लेखनिकाच्या मनात काय असू शकतं हे आपल्याला कळतं. कोणत्या दिशेने बदल झाला हे आधी दुसऱ्या कुठल्या पुराव्याने ठरलं पाहिजे, मगच हेतूबद्दल बोलता येईल. आपण गाडी उलटी हाकतो : हेतू आवडला म्हणून दिशा ठरवतो.

रसिक : हे मला लागलं, आणि मी ते घेऊन जाणार. द्वेषाचा हेतू मला पटतो याचं एक कारण असंही असेल की ती प्रार्थना मला हवी आहे. पण तुमचं 'मूळ' तरी हाताशी आहे का? रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची सुरुवात बघा. देवाबरोबर आपल्याला शांती 'आहे', की शांती 'असू द्या'? फरक एका स्वराचा, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ. तेव्हाच्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येऊ लागले होते. सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्हींत पहिल्या हाताने 'असू द्या' लिहिलं, नंतर ते 'आहे' असं दुरुस्त झालं. बहुतेक संपादक 'आहे' घेतात, कारण पौलाच्या युक्तिवादात तेच बसतं. आता त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात जा. तिथे तर्तियस नावाचा माणूस मधेच स्वतःचा नमस्कार सांगतो : हे पत्र लिहून घेतलेला मी. पौल बोलला, तर्तियसने ऐकून लिहिलं. पौलाच्या मनात 'आहे' असेल आणि तर्तियसच्या कानाने पहिल्याच प्रतीत 'असू द्या' लिहिलं असेल, तर तुमचं मूळ कोणतं? पौल बोलला ते, की रोमला पोचलं ते? लेखनिकाची पुटं काढत काढत तुम्ही तळाला जाल तर तिथेही एक लेखनिकच बसलेला असेल.

साशंक : असेल. पण तर्तियस आणि सिनाइटिकसचा लेखनिक यांना एका ओळीत बसवू नका. तर्तियसला पौलाला विचारता येत होतं. पत्र पाठवण्याआधी पौलाने ते वाचलं असेल, निदान वाचून घेतलं असेल. पुढच्या कुणालाच ती सोय नव्हती. तो फरक पुसला तर लेखक आणि नक्कल करणारा सगळे एकाच पंगतीला बसतील आणि 'पौलाने लिहिलं' या वाक्याला अर्थच राहणार नाही.

रसिक : तो फरक मी ठेवतो. माझा प्रश्न छापणाऱ्याचा आहे. लूकची ती प्रार्थना आज पानावर कशी छापायची? अभ्यासक वापरतात त्या नेस्ले-आलांड आवृत्तीत ती दुहेरी चौकोनी कंसात आहे. त्या कंसाचा अर्थ असा की हे मुळातलं नाही असं संपादकांना वाटतं, पण फार जुनं आणि मोलाचं आहे म्हणून काढत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा संपादक सुकथनकरांसमोर याहून कितीतरी विस्कळीत पोथ्या होत्या. त्यांनी स्वीकारलेला पाठ वर छापला, नाकारलेलं तळाला आणि परिशिष्टात नेलं. आणि स्वीकारूनही जिथे पुरती खात्री नव्हती त्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. मला ती रेघ कंसापेक्षा खरी वाटते. कंस म्हणतो, हे बाहेरचं आहे पण राहू द्या. रेघ म्हणते, हे आतलं आहे पण मला शंका आहे.

साशंक : म्हणूनच मी कंसाकडे जाईन. रेघ ओढायची तर आधी आत घ्यावं लागतं. पी ७५, व्हॅटिकॅनस, बेझाचा पहिला हात आणि जुनं सिरियाक यांना डावलून आत घ्यायला माझ्याकडे इरेनियसशिवाय आणि 'लूकला शोभतं' याशिवाय काय आहे? शोभणं हा पुरावा किती निसरडा आहे ते आपण आत्ताच पाहिलं. आणि तुमची रेघ कुठवर जाणार? व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्ट पी ६६, पी ७५, सिनाइटिकस, व्हॅटिकॅनस यांपैकी कशातच नाही. ती असलेली सगळ्यात जुनी ग्रीक पोथी म्हणजे पुन्हा बेझा. काही पोथ्यांत तर ती लूकच्या एकविसाव्या अध्यायामागे येते. तिच्याखालीही रेघच ओढणार?

रसिक : नाही. तिथे कंस मान्य करतो, आणि गोष्ट सगळी छापतो. जी गोष्ट पोथ्यांत जागा शोधत फिरते तिची साक्ष वेगळी आणि ज्या ओळीवरून जुन्या साक्षीदारांत फूट आहे तिची वेगळी. लूकची प्रार्थना कुठेही भटकलेली नाही. ती एकतर तिथेच आहे किंवा नाही. अशी फूट दिसली की मी शंका घेऊन आत ठेवीन.

साशंक : फूट पडली ती इरेनियसच्या आधी, एवढ्यावर आपण दोघं एक आहोत. कुणी पाडली, घालणाऱ्याने की गाळणाऱ्याने, ते ठरवायला त्याच्याही आधीची एखादी पोथी हवी. आणि लूकच्या या अध्यायाची तितकी जुनी एकही पोथी आजवर हाती आलेली नाही.